एक ट्रक खत

निर्मला परांडेकर यांनी हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शेवटच्या वर्षी त्यांच्या वर्गात दोन विद्यार्थी उरले होते आणि त्यातला एक तेलुगू होता. त्याला खरं तर संस्कृतच्या वर्गात बसायचं होतं. दोन्ही वर्गांच्या पाट्या देवनागरीत असल्यामुळे तो चुकून इकडे आला, आणि बाई चांगल्या वाटल्या म्हणून उठून गेला नाही. दुसरी मुलगी मराठीच होती, पण जोडाक्षर आलं की ती थांबून खिडकीबाहेर बघायची, अक्षराचा उरलेला अर्धा भाग तिकडे पडला असावा तशी. १९९३ साली शाळेनं तो वर्ग बंद केला. निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापकांनी बाईंच्या मराठीवरच्या प्रेमाचं पंधरा मिनिटं इंग्रजीत कौतुक केलं. बाईंनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि शाळेच्या मागे जाऊन एका खड्ड्यातली काळी माती पिशवीत भरून घेतली. त्या खड्ड्यात त्या अकरा वर्षं मुलांच्या डब्यांतलं उरलंसुरलं आणि झाडांचा पाचोळा टाकत आल्या होत्या. शाळेला त्याचा पत्ता नव्हता.

घरी अरविंदरावांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "एकतीस वर्षांची कमाई?"

"तुमच्या वकिलीला एवढा तरी वास आहे का?" बाई म्हणाल्या.

अरविंदराव दिवाणी वकील. मॅट्रिकपर्यंत उर्दूतून शिकलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द शेरवानी घालून यायचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ते एका खटल्यासाठी गुलबर्ग्याला गेले होते आणि तिथून त्यांनी नव्या बायकोला पत्र लिहिलं. परत आल्यावर चपला काढता काढता विचारलं, "माझं खत मिळालं ना?" बाई उदगीरच्या. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "कुठं उतरवलंय? परसात?" उर्दूत खत म्हणजे पत्र, हे बाईंना त्या दिवशी कळलं, आणि आपल्या बायकोच्या भाषेत त्याच शब्दाला वास येतो, हे अरविंदरावांना. तो विनोद त्या घरात तीसहून जास्त वर्षं टिकला. बहुतेक संसारांत एवढंही टिकत नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षांत शहर एकाएकी जेवायला बसलं होतं. पूर्वी लग्नात दोन भाज्या आणि एक गोड असायचं. आता चाळीस चाळीस पदार्थांची रांग लागू लागली, आणि माणसाचं पोट तेवढंच राहिलं. फंक्शन हॉल उभे राहिले, हॉटेलं उभी राहिली, आणि त्या सगळ्यांच्या मागच्या दारी उष्ट्याचे डोंगर. बाई एका हॉलच्या मालकाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचं उरलेलं मला द्या." त्यानं नेसूच्या स्वच्छ साडीकडे पाहिलं, पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि आचाऱ्याला हळूच सांगितलं की अम्माला दोन ताटं बांधून दे, बगारा बैंगन जास्त घाल. गैरसमज दूर व्हायला अर्धा तास लागला. ताटं बाईंनी घेतली. नकार देणं उद्धटपणाचं झालं असतं.

घटकेसरच्या अलीकडे अरविंदरावांच्या एका अशिलाची तीन एकर खडकाळ जमीन होती. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, म्हणून ती मिळाली. एक जुना ट्रक आला, ट्रकबरोबर जब्बार आला, ज्यानं आयुष्यभर फळं वाहिली होती आणि आता फळांचा पुढचा जन्म वाहायला त्याची हरकत नव्हती. शेजारच्या गावातून यादम्मा आली आणि तिनं आपल्याबरोबर दहा बायका आणल्या. बेगम बाजारातून फुटक्या पोत्यांतली डाळ, ओला झालेला गूळ, लसणाची सालं, मिरच्यांची देठं, जांबागच्या फुलबाजारातून कालची फुलं, हॉलमधून भात. बायका आधी त्यातून थर्माकोलच्या ताटल्या आणि शांपूच्या पुड्या वेचून काढायच्या. मग सगळं लांबच लांब राशींत रचायचं, कमरेइतक्या उंच, मध्ये काडीकचऱ्याचे थर, आणि दर आठवड्याला फावड्यांनी उलटायचं, म्हणजे आत हवा जाते. हवा मिळाली की कुजणं सभ्यपणे होतं. नाही मिळाली की ते बोंबा मारतं.

बाईंनी राशींना वर्ग दिले होते. ताजी रास पहिलीत. एकदा उलटली की दुसरीत. सातवी पास झाली की चाळणीवर. लोखंडी गज राशीत खुपसून बाहेर काढायचा आणि मुठीत धरायचा. चहाच्या पेल्याइतका गरम लागला तर रास अभ्यास करते आहे. एकदा हॉलमधून लोणच्याचं पिंपच्या पिंप आलं आणि त्या मिठानं एक अख्खी रास गारठली. ती दोन वेळा तिसरीत नापास झाली. यादम्माला मराठीतला 'नापास' हा एकच शब्द येत होता आणि तो ती आपल्या नवऱ्यालाही वापरायची.

चाळलेलं खत पोत्यांत भरून सकाळी ट्रक शहरात जाई, सुलतान बाजारातल्या बियाण्यांच्या दुकानांना पोती देई, आणि परतीला बेगम बाजारचा कचरा भरून आणी. असं तीन वर्षं चाललं. मग १९९७ च्या उन्हाळ्यात बाजाराच्या भागात सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत मालवाहू गाड्यांना बंदी झाली. बेगम बाजार दहाशिवाय शटर उघडत नाही आणि नऊला कुलूप लावतो. व्यापाऱ्यांचा माल रात्री उतरू लागला, त्याला गोदामं होती आणि रखवालदार होते. कचऱ्याला रखवालदार कोण ठेवणार? तो दुपारी निघायचा आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी नाल्यात ढकलायचं.

पंधरवड्यात यार्डातली पहिलीची जागा रिकामी पडली. यादम्मा येऊन उभी राहिली. बायकांना उद्या यायला सांगू की नको, एवढंच तिला हवं होतं. पहिलीत नवं कुणी आलं नाही की पुढे काय होतं, हे बाईंनी एकदा पाहिलं होतं. आधी एक तुकडी जाते, मग एक बाक, मग मुख्याध्यापक इंग्रजीत बोलतात.

अफझलगंजच्या चौकात बंदीचा फलक होता. बाई जब्बारबरोबर तिथे गेल्या आणि प्रश्नपत्रिका वाचावी तसा तो खालून वर वाचू लागल्या. सगळ्यात खाली सूट मिळालेल्या गाड्या होत्या: रुग्णवाहिका, अग्निशामक, दूध, डाक.

"जब्बार, येताना आपल्या गाडीत काय असतं?"

"पोते, अम्मा."

"पोत्यांत?"

"खत." मराठी बाईंकडे तीन वर्षं काढल्यावर त्याच्याही तोंडात तोच शब्द बसला होता.

जब्बारनं फलकाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा फलकाकडे. त्याच्या मिशा हळूहळू रुंद झाल्या. "अम्मा, आप टीचर थे ना?"

"म्हणून तर शुद्ध लिहिणार."

आठवड्याभरात निळा ट्रक लाल झाला, टपालाच्या गाड्यांचा लाल असतो तसा. दोन्ही बाजूंना हातभर उंचीची पिवळी अक्षरं: खत. खाली बारीक अक्षरात बाईंचं नाव आणि घटकेसर. डाक हा शब्द कुठे नव्हता. एकही अक्षर खोटं नव्हतं. अरविंदरावांनी ट्रक फाटकाशी पाहिला आणि पेपर चेहऱ्यासमोर धरला. "मी वकील आहे. मला काही सांगू नका."

चौकात मल्लेश नावाचा शिपाई असे. पहिल्या दिवशी त्यानं हात वर केला, शाळेतल्या हिंदीच्या जोरावर दोन अक्षरं जुळवली, आणि बाकीच्या गाड्या थांबवून लाल ट्रकला वाट दिली. वर सलाम ठोकला. जब्बारनं दुसऱ्या दिवशी खाकी शर्ट शिवायला टाकला. पावसाळ्यात एकदा ट्रक परत निघाला असताना मल्लेश नाक मुरडत खिडकीशी आला.

"क्या रे, इत्ता बास कायकू मारता?"

"सास-बहू के खतां हैं साब," जब्बार म्हणाला. "बास तो मारते इच."

मल्लेशच्या घरी आई होती आणि बायको होती. त्यानं मान हलवली आणि वाट दिली. दिवाळीच्या सुमाराला तर त्यानं वरंगलच्या भावाला लिहिलेलं पत्रच जब्बारच्या हाती दिलं, वेगळं तिकीट कशाला लावायचं म्हणून. जब्बारनं स्वतः तिकीट लावून ते पेटीत टाकलं. त्या एका दिवसापुरता ट्रकवरचा शब्द दोन्ही भाषांत खरा होता.

यार्ड पुन्हा भरलं. पहिलीच्या दोन तुकड्या झाल्या. बायका अकराच्या चौदा झाल्या.

हे सगळं मोडलं ते एका माणसाच्या मराठीवरच्या प्रेमानं.

प्रमोद आगटे पुण्याहून आलेला. माधापूरच्या माळावर नव्यानं उठलेल्या एका संगणक कंपनीत व्यवस्थापन बघायचा. कंपनीला इमारतीआधी हिरवळ हवी होती, आणि ती खडकावर उगवत नव्हती, हे त्याचं दुःख. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो बेगम बाजारात स्टीलची भांडी घ्यायला चालला होता. चौकात मल्लेशनं त्याची मोटार थांबवली आणि लाल ट्रकला पुढे काढलं. प्रमोदनं मान वर केली. हैदराबादेत येऊन त्याला आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत रस्त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात मराठी शब्द त्यानं पाहिला नव्हता. तो मोटारीतून उतरला.

"हे मराठी आहे," तो मल्लेशला म्हणाला. मग हिंदीत: "भाईसाहब, ये मराठी है."

"डाक की गाडी है. बाजू हटो."

"डाक नहीं. खत. खत म्हणजे... गोबर. सडा हुआ. झाडों को डालते हैं."

"हौ, खत. डाक."

"नाही हो. आमच्यात डाकेला पत्र म्हणतात. खत वेगळं. किती सुंदर लिहिलंय बघा."

मल्लेशला समजलं होतं. त्याला समजायचं नव्हतं. पण तोवर भोवती तीसचाळीस माणसं जमली होती, आणि प्रमोदनं त्यांना सगळ्यांना मिळून समजावायला सुरुवात केली होती. त्यात वाहतुकीचे इन्स्पेक्टर नरसिंगराव फटफटीवरून आले. त्यांनी ट्रकचा मागचा फाळका पाडायला लावला. आत लसणाची सालं, झेंडूची फुलं, फुटका गूळ, आणि त्यावर निवांत बसलेल्या माशा.

"ये किसके खतां हैं?" नरसिंगरावांनी विचारलं.

जब्बार खाकी शर्टाचं वरचं बटण लावू लागला.

ट्रक जप्त झाला. नरसिंगरावांच्या कचेरीमागच्या मैदानात, पोलिसांच्या घोड्यांच्या एका छोट्या तबेल्याला लागून, तो उभा करण्यात आला, भरलेला तसाच.

दुसऱ्या दिवशी प्रमोद बाकरवडीचा पुडा घेऊन परांडेकरांच्या दारात उभा होता. पत्ता ट्रकवरच होता. घटकेसरच्या बायकांनी घर सांगितलं. "मावशी, मला काय माहीत हो," तो म्हणाला. "मला फक्त अभिमान वाटला."

"वाटू द्या," अरविंदराव म्हणाले. "पण अभिमान चौकात बाळगू नये. घरी आणून बाळगावा."

बाईंनी त्याला चहा दिला आणि त्याचं हिरवळीचं दुःख ऐकून घेतलं. मग विचारलं, "हिरवळीला किती लागेल म्हणालात?"

"वर्षभर, मिळेल तेवढं. आमच्या कँटीनचं उरलेलंही द्यायचंय. पण गाडी..."

"तेच," बाई म्हणाल्या. गाडी सुटली पाहिजे आणि ती दिवसा बाजारात गेली पाहिजे. यातलं एकही झालं नाही तर महिन्याभरात सातवीसुद्धा चाळून संपेल, आणि मग तीन एकरांत पुन्हा कुसळं.

तोपर्यंत ज्यांना काही सांगायचं नव्हतं त्या अरविंदरावांनी पंचनाम्याची नक्कल काढून आणली. कागद तेलुगूत होता. त्यांची तेलुगू बोलण्यापुरती. बाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. जप्त मालाच्या रकान्यात मल्लेशनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: उत्तरालु, ओक लारी.

"उत्तरं? कसली उत्तरं?" अरविंदराव म्हणाले.

"तेलुगूत उत्तरालु म्हणजे पत्रं. एक ट्रक पत्रं."

अरविंदराव खुर्चीत सावकाश मागे टेकले. मल्लेशनं जे केलं होतं त्यात चूक काहीच नव्हती. कचरा म्हणून लिहावं तर आठ महिने तोच कचऱ्याला सलाम करत होता. पत्रं म्हणून लिहिलं की तो निर्दोष. आणि वरच्या सहीसाठी नरसिंगरावांनी कागद वाचला नव्हता. तो प्रघात नव्हता.

"निर्मलाबाई," अरविंदराव म्हणाले, "एवढा खूबसूरत कागद मी तीसपस्तीस वर्षांत पाहिला नाही." आणि त्यांनी लगेच दरख्वास्त लिहिली: निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जसाच्या तसा जपून ठेवावा, त्याला कुणीही हात लावू नये. पोच घेतली.

कुणीही हात न लावलेल्या मुद्देमालानं चौथ्या दिवशी बोलायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी कचेरीच्या मागच्या खिडक्या बंद झाल्या. आठव्या दिवशी तबेल्यातल्या घोड्यांनी चंदी खाताना मान फिरवली असं म्हणतात, पण ते जब्बारचं म्हणणं. बाई रोज अकरा वाजता तिथे जायच्या, लोखंडी गज ट्रकमध्ये खुपसायच्या, काढायच्या, मुठीत धरायच्या, आणि परत यायच्या. उलटलं तर वास जाईल हे त्यांना माहीत होतं. उलटायला कायद्यानं बंदी होती. त्या काळात त्या अत्यंत कायदेशीर वागल्या.

नवव्या दिवशी नरसिंगरावांनी बोलावलं. नाकाला रुमाल होता. मल्लेश कोपऱ्यात उभा.

"वकीलसाब, दंड भरो, ट्रक ले जाओ. आज इच ले जाओ."

"कैसे ले जाएं?" अरविंदराव उर्दूच्या तालात आले. "फैसले से पहले माल को हात लगाना मुनासिब नहीं."

"अरे अंदर क्या है मेरे कू मालूम, आप कू मालूम, पूरे मोहल्ले कू मालूम."

"कागज पे क्या है?"

नरसिंगरावांनी कागद पहिल्यांदाच वाचला. मग पुन्हा वाचला. मल्लेशकडे पाहिलं. मल्लेशनं पंख्याकडे पाहिलं.

"अगर ये चिठ्ठियां हैं," अरविंदराव हळूवार म्हणाले, "तो आपने नौ दिन से डाक रोक के रखी है. ऊपर पूछेंगे. और अगर ये खाद है, तो गाडी पे खाद इच लिखा है, हमारी जबान में. धोका किधर है?"

"और लाल रंग?"

"लाल रंग किसी की जागीर नहीं. आपकी बत्ती भी लाल है."

नरसिंगरावांनी रुमाल खाली घेतला, पुन्हा वर नेला. हा वकील इकडूनही मारतो आणि तिकडूनही, हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून ते बाईंकडे वळले. "मॅडम, आप टीचर हैं. आप बोलो. लिखते वखत आपके दिल में क्या था? खाद या चिठ्ठी?"

अरविंदराव खोकले. कोर्टात त्यांच्या त्या खोकल्याचा अर्थ साक्षीदारांना आधी समजावून दिलेला असे. बाईंना तो न सांगता कळत होता. 'खाद' एवढं म्हटलं की ट्रक सुटणार होता. पण प्रश्न नीट विचारला गेला होता, आणि नीट विचारलेल्या प्रश्नाला अर्धं उत्तर दिलं की एकतीस वर्षं त्या अर्धेच गुण देत आल्या होत्या.

"दोनों," बाई म्हणाल्या. "खाद लिखा. और मालूम था आप चिठ्ठी पढेंगे. इसलिए लाल लगाया."

अरविंदरावांनी फाइल मिटली आणि तिची दोरी बांधली, अगदी व्यवस्थित, दोन गाठी.

नरसिंगराव टेबलावर पुढे झुकले. जिंकल्यावर करायचं काय हे त्यांना चटकन सुचेना. "मल्लेश," ते म्हणाले, "तेरे कू मालूम था?"

"साब, मेरे भाई का खत पहुंचा था," मल्लेश म्हणाला. ते खरंच होतं.

"दंड लिहा," बाई म्हणाल्या. आता त्या मराठीतच बोलत होत्या, आणि नरसिंगरावांना समजत होतं. या शहरात ते सगळ्यांना थोडं थोडं समजतं. "चूक माझी आहे. पण आता मी एक विचारते. भिंतीपलीकडे तबेल्यात गुडघाभर लीद साचली आहे. ती कोण नेतं?"

नेणारा माणूस दोन महिन्यांपूर्वी दुबईला गेला होता. वरचे साहेब पुढच्या आठवड्यात घोडे बघायला येणार होते.

"लीद आणि तबेल्यातलं ओलं गवत मला द्या. आत्ता. बायका घेऊन येते, तुमच्यासमोर ट्रकमधलं सगळं उलटते, थर घालते. उद्या अकराला वास नसेल."

"सच्ची में?"

"उद्या नाक घेऊन या."

यादम्मा आणि आठ बायका दुपारच्या बसनं आल्या. ट्रक रिकामा केला, मैदानात लिदीबरोबर थर दिले, पाणी शिंपडलं, उलटलं. मल्लेशला कुणी सांगितलं नव्हतं. तो पदर खोचावा तशी पँट खोचून फावडं घेऊन मध्येच उभा राहिला. यादम्मानं त्याच्या फावडं धरण्याकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हटला. तो त्याला कळला नाही, पण बायका हसल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला नरसिंगराव आले. रुमाल खिशातच होता, पण हात खिशावर. मैदानात पाऊस पडून गेलेल्या शेतासारखा मंद वास होता, आणि राशीतून वाफ निघत होती. बाईंनी गज खुपसला, काढला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी धरला आणि सोडला.

"अंदर आग लगाए क्या?"

"नाही. जिवंत आहे, एवढंच."

त्यांनी पुन्हा धरला, या वेळी मुद्दाम, आणि थोडा वेळ सोडला नाही. माणूस खूप दिवसांनी कुणाचा तरी ताप बघतो तसा. मग म्हणाले, "रोज ले जाते?"

"रोज. पण गाडी दिवसा बाजारातून आली पाहिजे. सकाळी दहा ते दुपारी तीन. लीद घेईन आणि बाजारचंही घेईन."

"पोलीस के काम की गाडी बोल के परवाना देतूं. मगर," त्यांनी बोट वर केलं, "लाल नक्को. और वो लफ्ज नक्को."

परवाना तयार व्हायला पाच दिवस लागले. मालाच्या रकान्यात काय लिहायचं यावर तीन दिवस गेले. खाद म्हटलं तर तेलुगू कारकुनाला खायचं काहीतरी वाटलं. खताला तेलुगूत एरुवु, ते म्हटलं तर नरसिंगरावांचे वरचे साहेब उत्तरेचे, त्यांना कळेना. शेवटी प्रमोदनं फोनवरून सुचवलं की कंपनीच्या कागदात 'कंपोस्ट' आहे. तो शब्द सगळ्या भाषांत सारखाच बसत होता, सगळ्यांना कळत होता, आणि कुणाचाच नव्हता. बाईंनी तो दोनदा वाचला. त्याला वास नव्हता. औषधाच्या बाटलीवर असतात तसल्या शब्दांपैकी एक. पण खाली शिक्का होता, सही होती, आणि लिहिलं होतं की ही गाडी दिवसा बाजारात येऊ-जाऊ शकते. बाईंनी कागद पदराखाली धरून बाहेर आणला आणि यादम्माला निरोप धाडला: सगळ्या जणींना उद्या सकाळी बोलाव.

"मुकदमा हरलो तरी फी मागू का?" अरविंदरावांनी रिक्षात विचारलं.

"खोकत जाऊ नका," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दमा आहे असं लोकांना वाटतं."

बेगम बाजारातल्या एका पेंटरला ट्रक हिरवा करायला दिला. दोन दिवसांनी तो आणायला बाई आणि जब्बार गेले. हिरवा छान बसला होता. पांढऱ्या अक्षरात परवान्यातला शब्द मोठ्ठा काढला होता. पण फाळक्याच्या मधोमध लोखंडी कोयंडा होता. पेंटरनं तो टाळायला पहिलं अक्षर एका बाजूला काढलं होतं आणि उरलेलं दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन वीत जागा सोडून. पहिलं अक्षर घाईत बारीक झालं होतं, कोपऱ्यात, नाव लिहायला विसरलेल्या मुलानं नंतर घुसवावं तसं. दुसऱ्या बाजूला ऐसपैस अक्षरांत, दुरूनही वाचता यावं असं, लिहिलेलं होतं: पोस्ट.

"बीच में कोयंडा आया अम्मा," पेंटर म्हणाला. "मैं क्या करतूं. कल आके बडा करके मिला देतूं."

जब्बार ट्रककडे बघत होता. त्याच्या मिशा रुंद होत होत्या, पण तो बाईंकडे बघायचं टाळत होता.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला. एकतीस वर्षांत त्यांनी एकही चुकीचं अक्षर लाल केल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"मिळवून टाका," त्या पेंटरला म्हणाल्या. "उद्याच पाहिजे असं नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा."

आणि त्या जब्बारच्या शेजारी चढून बसल्या. अकरा वाजायला आले होते, आणि बाजार उघडला होता.